खुंट्याला दुसरा हात

आईला आयसीयूत हलवलं त्या रात्री मावशी गाणगापूरच्या अंगाऱ्याची पुडी घेऊन आली. दारावरच्या सिस्टरनं आधी सरळ नाही म्हटलं. मग मावशीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कपाळाला लावू नका, वायरी आहेत. माझ्याकडे द्या." आणि तिनं खरंच ती पुडी सुईच्या रिकाम्या पाकिटात घातली, वरून चिकटपट्टी मारली आणि पलंगाच्या कठड्याला लावून टाकली. शेजारच्या खाटेच्या सलाईन स्टँडवर कुणीतरी हिरवा ताईत बांधलेला होता, तोही तसाच चिकटपट्टीखाली. सिस्टरच्या हाताला या कामाची सवय दिसली.

मी देवाधर्माचा माणूस नाही. श्रावणात अंडी खातो आणि ते मावशीला माहीत आहे. पण पहाटे तीनच्या सुमाराला संमतीपत्र समोर आलं, 'रुग्ण दगावण्याची शक्यता समजावून सांगितली आहे' या ओळीखाली पेन टेकवलं आणि तोंडातून 'पांडुरंगा' निघालं. ठरवून नाही. ठेच लागल्यावर 'आई गं' निघतं तसं.

हे सांगितलं की दोन्हीकडची माणसं खूश होतात. मावशी म्हणते, "बघ, शेवटी आलास ना." माझा एक विवेकवादी मित्र म्हणतो, "घाबरला होतास, दुसरं काय." दोघांनाही तो माझा पराभव वाटतो, फक्त जिंकलं कोण, यावर त्यांचं एकमत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. हातपाय गळाले असताना देवाला हाक मारण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटावी ती पुढच्या पायरीवर: देवाला सांगून झालं म्हणून माणसांना सांगायचं आपण बंद करतो तेव्हा.

मराठी भाषा या बाबतीत फार कडक आहे. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण शाळेत आपण आळशी माणसाचं वर्णन म्हणून पाठ केली. 'सुखात विसरतो आणि दुःखात देव आठवतो' हे तर टोमणा म्हणूनच वापरतात. जणू दुःखात देव आठवणं म्हणजे गरजेपुरता ओळख दाखवणारा पाहुणा. पण याच भाषेतली संतवाणी काढून बघा, तिथं दुबळेपणाची लाज कुणी धरलेली नाही.

रामदासांचंच घ्या. गावोगाव मारुती बसवणारा, बलोपासना सांगणारा, 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे' म्हणणारा हा माणूस. तालमीच्या भिंतीवर शोभेल असा. आणि त्याच माणसानं करुणाष्टकांत लिहिलं: 'अचपळ मन माझे नावरे आवरिता, तुजविण शीण होतो धाव रे धाव आता.' मन आवरत नाही, थकलो, लवकर ये. आमच्या पिढीनं हे संध्याकाळी दिवेलागणीला पाढ्यांसारखं घडाघडा म्हटलं, त्यामुळे आपण काय म्हणतोय ते कधी कानात शिरलंच नाही. दहा वर्षांची पोरं मांडी घालून रोज संध्याकाळी 'मला जमत नाही' म्हणत होती, आणि मोठी झाल्यावर तेच वाक्य नवऱ्याला, बायकोला, साहेबाला, डॉक्टरला म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती.

तुकारामांच्या बाबतीत तर हिशेबाच्या वहीत बघावं इतकं स्पष्ट दिसतं. घरी दुकान, सावकारी. १६३० च्या सुमाराला दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. पैसा गेला, पत गेली, एक बायको 'अन्न अन्न' करत गेली. स्वतःबद्दलच्या अभंगात ते सांगतात: 'लज्जा वाटे जीवा त्रासलो या दुःखे, वेवसाय देखे तुटी येता.' धंद्यात तूट आली आणि लाज वाटली. ही लाज आजच्या मराठवाड्यातल्या एखाद्या कर्जबाजारी माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. त्यानं ती सोसायटीच्या कचेरीबाहेर उभं राहून अनुभवलेली असते.

पण पुढं काय झालं ते बघा. त्याच अभंगात लगेच येतं की देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं मनात आलं. म्हणजे लाजेतून उठलेल्या माणसानं पहिली गोष्ट काय केली, तर पडकं देऊळ दुरुस्त केलं. आणि परंपरा सांगते की घरातल्या कर्जखतांमधला आपल्या वाट्याचा अर्धा भाग त्यांनी इंद्रायणीत बुडवला. धाकट्या भावाचा अर्धा भाग त्याला दिला. देवावर हवाला टाकणाऱ्या या माणसानं दुसऱ्यांच्या मानेवरचं जोखड काढलं. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' एवढीच ओळ लक्षात ठेवून तुकारामांना गप्प बसवणाऱ्यांनी ही खतं नेमकी विसरायची ठरवली आहेत.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती जनी. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं जातं म्हणून एक जातं दाखवतात. वारकरी बाया त्याला हात लावून पुढं जातात. नामदेवाच्या घरची दासी. पहाटे दळण, मग सडा, मग पाणी, मग शेण. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो आणि तिच्याबरोबर दळू लागतो. इथं जरा थांबा. देवच आहे, तर त्यानं चुटकी वाजवून पायली दोन पायल्या पीठ पाडायला हरकत काय होती? दासीपणच काढून टाकायचं होतं. पण जनीच्या कल्पनेतला देव तसलं काही करत नाही. तो समोर बसतो आणि खुंट्याला दुसरा हात लावतो.

ज्यांनी जातं ओढलं आहे त्यांना हे लगेच कळेल. माझ्या आजीकडे मी लहानपणी हट्टानं बसायचो. एकट्यानं जड जातं ओढताना प्रत्येक फेऱ्यात एक जागा अशी येते की खांदा अडतो, आणि तिथंच समोरच्याचा हात तो फेरा पुढं नेतो. दळण तेवढंच राहतं. दाण्यांची वैरण मुठीमुठीनं घालावीच लागते. फक्त अडलेला फेरा निघतो. चोखोबाबरोबर ढोरं ओढणारा, सावत्याच्या मळ्यात राबणारा, कबीराचा शेला विणणारा जो विठ्ठल आपल्या संतांनी रंगवला, तो सगळा याच जातीचा. मदत म्हणजे काम टळणं असं ही परंपरा मानत नाही. मदत म्हणजे कामाला दुसरा हात मिळणं.

पुढं कधीतरी केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. संकटात माणसं देवाशी कशी वागतात याचे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तीन प्रकार मांडले. एक, माझं मी बघतो, देवानं बुद्धी दिली तेवढी पुरे. दोन, सगळं देवावर सोडलं, मी नुसता बसतो. तीन, मी आणि देव मिळून. वाचताना हसू आलं. दुसरा प्रकार म्हणजे आपली खाटल्यावरची म्हण, आणि तिसरा म्हणजे जनीचं जातं. आपल्याकडे सातशे वर्षं ओवीत होतं ते.

प्रार्थनेनं शरीर बरं होतं का, हाही हिशेब लोकांनी मांडून पाहिला आहे, आणि तो श्रद्धाळूंनी निमूट वाचावा असा आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी भाविकांनी नावानिशी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के आणि न झालेल्यांत ५१ टक्के निघालं. आणि ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे' असं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. बहुधा त्यांना वाटलं असावं, 'एवढं मांडलंय म्हणजे आपलं काही खरं नाही.' हा माझा तर्क, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. पण एवढं नक्की, की लांबून कुणीतरी केलेली प्रार्थना रक्तवाहिनी मोकळी करत नाही. अंगाऱ्याच्या पुडीनं आईच्या फुप्फुसातलं पाणी कमी केलं नाही. ते औषधानं केलं. पुडीनं मावशीला त्या बाकड्यावर सहा रात्री बसवलं, आणि मावशी होती म्हणून मी दोन तास झोपू शकलो. माझ्या लेखी हिशेब इथं जुळतो.

आमच्या गल्लीत एक गवंडी होता. कामाला वाघ, पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप गुत्त्याकडे. त्यानं माळ घातली. माळ घालणं म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको: तुळशीची माळ गळ्यात, दारू-मटण बंद, एकादशी आणि वारी. सहा महिन्यांत त्यानं ती माळ काढून देव्हाऱ्यातल्या खिळ्याला अडकवली आणि पुन्हा प्यायला लागला. बायकोनं कपाळावर हात मारला. लोक म्हणाले, याला काय देव तारणार. दुसऱ्यांदा घातली ती मात्र टिकली. फरक काय पडला हे मी त्याला एकदा विचारलं, तेव्हा त्यानं पांडुरंगाचं नाव घेतलंच नाही. म्हणाला, "पहिल्या बारीला मी एकट्यानंच घातली होती. दुसऱ्या बारीला दिंडीतनं घातली. एका एकादशीला भजनाला गेलो नाही, तर दोघं टाळकरी टाळ घेऊन दारात. चल म्हणाले. आता काय करता!"

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून सुरू केलेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ आज आपल्याकडच्या गावांतही आहे. तिची पहिली पायरी म्हणजे दारूपुढे माझं काही चालत नाही ही कबुली, आणि दुसरी पायरी म्हणजे माझ्याहून मोठी अशी एक शक्ती मला सावरू शकेल हा विश्वास. ती शक्ती कोणती, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात असं दिसलं की दारू सुटलेली राहण्याच्या बाबतीत या बारा पायऱ्यांचा कार्यक्रम इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरस ठरतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभं केलेलं मुक्तांगणही व्यसनी माणसाला एकटं सोडत नाही. गवंड्याचे टाळकरी आणि हे सगळे, एकाच कामावरचे मजूर. देवापुढं 'मी हरलो' म्हणता आलं की माणसांपुढं म्हणायला जीभ मोकळी होते. पण मग दारात टाळ घेऊन यायला माणसं लागतात, हे विसरून चालत नाही.

आता दुसरी बाजू. ती घरातली आहे म्हणून सांगायला जड जाते.

नात्यातली एक मुलगी बाळंत झाली आणि दोन महिन्यांत गप्प होत गेली. बाळाला घेईना, जेवेना, रात्र रात्र छताकडे बघत पडून. सासरी ठरलं, 'बाहेरचं झालंय.' मग अमावास्या आली, उतारा आला, लिंबं आली, एका बघणाऱ्याकडे खेपा सुरू झाल्या. दर खेपेला तिला सगळ्यांसमोर बसवून विचारायचे, "कोण आहेस तू? सांग, कोण आहेस?" ती काय सांगणार? ती तीच होती. सात महिने गेले. शेवटी तिच्या आईनं भांडून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई शहाण्या. त्यांनी अंगात येण्यावर व्याख्यान दिलं नाही. म्हणाल्या, "देवाचं जे चालू आहे ते राहू द्या. ही गोळी रात्री जेवणानंतर. आणि हिला प्रश्न विचारायचे नाहीत, शेजारी बसायचं."

ती बरी झाली. पण ते सात महिने कुणाच्या खात्यावर टाकायचे? देवाच्या नाही. घरच्यांनी देवाला मदतीला बोलावलंच नव्हतं. बोलावलं होतं ते ठपका ठेवायला कुणीतरी सापडावं म्हणून. इथं तिच्या खुंट्याला कुणाचाच हात नव्हता. उलट जातं तिच्याच अंगावर फिरवलं जात होतं.

हे टोकाला गेलं की काय होतं ते देशानं पाहिलं आहे. तामिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याच्या आधारानं मनोरुग्णांना ठेवणाऱ्या खासगी जागा होत्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका झोपडीवजा आश्रयस्थानाला आग लागली. माणसं साखळदंडानं बांधलेली होती. २८ जण गेले. त्यांच्या नातेवाइकांनीही त्यांना देवाच्याच भरवशावर सोडलं होतं. आता २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई करतो. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झुंज दिली आणि जो प्रत्यक्षात यायला त्यांचा खून व्हावा लागला. हा कायदा देवाविरुद्ध आहे अशी आवई तेव्हा उठवली गेली. त्याचा मजकूर वाचावा. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, भजन हे सगळं त्यात स्पष्टपणे वगळलेलं आहे. गुन्हा आहे तो, उदाहरणार्थ, साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करण्याचा. म्हणजे कायद्यालाही नेमका तोच फरक दिसतो जो माझ्या मते खरा आहे: पुडी कठड्याला लावा, पण सलाईन काढू नका.

विवेकवादी मित्राशी माझं भांडण इथं सुरू होतं. त्याला वाटतं, लोकांच्या हातातला देव काढून घेतला की ते आपोआप डॉक्टरकडे जातील. कुठला डॉक्टर? बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. ज्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही तिथं रडायला जागा कोणती? देऊळ, दर्गा, बैठक, भजन. तीही काढून घेतली तर माणूस विवेकी होणार नाही, तो नुसता एकटा होईल.

आणि एकटेपणाचा आकडाही आपल्यासमोर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यात महाराष्ट्र पहिला, २२,७४६. मेलेल्यांत दर दहात सात पुरुष. कारणं अनेक आहेत, कर्ज, आजार, घरची भांडणं, आणि त्यातलं एकही कारण भजनानं मिटत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा अभंगानं उतरत नाही, त्याला सरकार आणि बँक लागते. पण ज्या समाजात पुरुषाला 'खंबीर राहा' याखेरीज दुसरं वाक्यच ऐकवलं जात नाही, तिथं 'माझं काही खरं नाही रे' हे म्हणायची एक मान्य जागा शिल्लक आहे, आणि ती गाभाऱ्यासमोर आहे, याला मी किंमत देतो. 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' हे स्वामी समर्थांचं वाक्य निम्म्या रिक्षांच्या मागं लिहिलेलं असतं. पूर्वी मला ते वाचून हसू यायचं. आता वाटतं, रिक्षावाला ते मागच्या गाडीवाल्यासाठी लिहीत नसावा.

म्हणून माझी तक्रार खरी तर देवस्थानांशी आहे. लोक तुमच्याकडे सगळ्यांत मोडलेल्या अवस्थेत येतात. तुम्ही त्यांना काय देता? रांग, पावती, नारळ, 'चला चला, पुढं चला.' शिर्डीच्या संस्थानानं रुग्णालय चालवलं आहे, सिद्धिविनायक न्यास रुग्णांना पैशाची मदत करतो, हे चांगलंच. पण या बाबतीत गाडगेबाबांच्या पुढं अजून कुणी गेलेलं नाही. पंढरीला जाऊन देवळात न जाणारा, वाळवंटात कीर्तन करणारा, वारकऱ्यांनी केलेली घाण खराट्यानं झाडणारा हा माणूस. त्यानं देव कुठं बसवला, तर धर्मशाळेत. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. विदर्भातून, कोकणातून पेशंट घेऊन आलेल्या माणसाला मुंबईत पाठ टेकायला चटई मिळणं म्हणजे काय, हे त्या माणसालाच विचारा. अडलेल्या फेऱ्याला हात लावणं म्हणतात ते हे.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेच्या आधी मी ट्रस्टच्या अध्यक्षांकडे गेलो. एवढंच म्हणणं होतं की केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत मदतवाहिनी आहे, २०२२ पासून चालू आहे, १४४१६ हा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. तो दानपेटीच्या वर ठळक लिहून लावावा. अध्यक्ष काका भला माणूस. बराच वेळ पान चघळत राहिले. मग म्हणाले, "गाभाऱ्यापाशी आजारपणाचं नको बाबा. लोक अपशकुन म्हणतात. चपला काढतात तिथं लाव."

लावला. साधा कागद, वर 'मन जड झालं असेल तर' असं लिहून खाली नंबर. पहिल्याच पावसात भिजून त्याचा लगदा झाला. महिनाभरानं गेलो तर तिथं नवा कागद होता, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला. अक्षर माझं नव्हतं. गुरवाला विचारलं तर म्हणाला, "आमच्या पोरीनं लिहिला. लोक विचारत होते, इथं नंबर होता तो कुठं गेला म्हणून."